लाल फुलीचा मोजा

वीज गेल्यावर घरात कसे वागायचे, हे त्या घराला बाहेरच्या कुणी शिकवावे अशी परिस्थिती नव्हती. सासऱ्यांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली होती आणि नवऱ्याची जात होती. मेणबत्ती नुसती कुठेही चिकटवायची नाही, पाणी घातलेल्या ताटलीत उभी करायची. फ्रिजचे दार उगाच उघडायचे नाही. ओल्या हाताने बटणाला शिवायचे नाही. तुटून पडलेली तार मेलेली दिसली तरी ती जिवंत आहे असेच धरून चालायचे. असल्या गोष्टी त्या घरात हवापाण्याइतक्या सहज बोलल्या जात. सून नवी होती तेव्हा तिला त्याचे हसू यायचे. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. बाटल्यांवरच्या तारखा तपासणे आणि सारख्या दिसणाऱ्या गोळ्या वेगळ्या ठेवणे हा तिचा धंदा. पण काळजीचा धंदा सगळीकडे सारखाच, दुकानात काय नि खांबावर काय. हळूहळू तीही त्या घरासारखी झाली.

त्यामुळे वादळाने शहराच्या तारा तोडल्या आणि नवरा इतर लाइनमनांबरोबर रात्रंदिवस बाहेर राहू लागला, तेव्हा घर सांभाळण्याची तिला भीती वाटली नाही. भीती होती ती एकाच गोष्टीची. आबांच्या श्वासाची.

आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांची फुप्फुसे पार थकली होती. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांची खुर्ची असे आणि खुर्चीशेजारी गुडघ्याएवढे ऑक्सिजनचे यंत्र. ते हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीवाटे आबांच्या नाकाशी पोचवायचे, विजेवर चालायचे आणि सारखे घरघरायचे. आबांनी त्याचे नाव 'दुसरी' ठेवले होते.

"पहिली बिचारी कधी वर तोंड करून बोलली नाही, आणि निघून गेली," ते म्हणत. "ही बघ, दिवसरात्र कुरकुर करते, पण जागची हलायचं नाव घेत नाही."

दुसरी थांबली की थोड्याच वेळात आबांचे ओठ निळसर पडत. त्याहून वाईट म्हणजे, त्यांचे भान सैल होई. मग ते मेलेल्या माणसांना हाका मारत, कामावर निघायची घाई करत, सुनेला आपली बहीण समजून रागावत. नळी लागली की परत ठिकाणावर येत आणि मधले काही त्यांना आठवत नसे.

अशा वेळेसाठी मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली जनरेटर होता. घरापासून लांब, दाराखिडक्यांपासून तोंड फिरवलेला. पहिल्याच दिवशी शेजारच्या शिंपीणकाकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या होत्या, "अगं, पावसात कशाला भिजवतेस त्याला? आत घे की बोळात. तुलाही सारखं धावायला नको."

"काकू, त्याचा धूर घरात कोंडला ना, तर कुणाला कळायचंसुद्धा नाही. झोपेतच जाऊ सगळे."

"इश्श! तुमच्या घरात सगळ्याच गोष्टींनी माणूस मरतं बाई," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे फक्त सुई टोचते."

जनरेटरपासून यंत्रापर्यंत एक लांब वायर होती. पण पहिल्याच दिवशी तिच्या टोकाचा प्लग गरम होऊन वितळला आणि घरभर जळक्या रबराचा वास पसरला. घरात दुसरी वायर होती ती आखूड. ती जेमतेम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचत होती.

"आबा, तुमची खुर्ची स्वयंपाकघरात नेऊ या का?" सुनेने विचारले. "वायर तिथपर्यंतच येतेय."

"मला भांड्यांच्या रांगेत बसवतेस?" आबा खिडकीबाहेर पाहतच म्हणाले. "इथून मला कोपऱ्यावरचा खांब दिसतो. तो मी उभा केलाय. माझ्यापेक्षा ताठ आहे अजून. त्याच्याकडे बघत बसलो की बरं वाटतं मला."

तिने नवऱ्याला फोन लावला. तेव्हा फोन अजून चालू होते. पलीकडे वारा आणि माणसांचा आरडाओरडा.

"आबांना नको हलवूस," तो म्हणाला. "एवढंच तर उरलंय त्यांचं. कपाटावर बघ, दुतोंडी आहे."

दुतोंडी म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसले की वीज उलट्या वाटेने घरात शिरते आणि घरातली सगळी बटणे जागी होतात. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती तशीच बाहेर पडते, खांबावर चढते, आणि बंद म्हणून जाहीर झालेल्या तारेत जाऊन बसते. लाइनमन तिला 'रिटर्न' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. लोकांच्या घरी दुतोंडी सापडली की तिचा नवरा ती जागीच पक्कडीने कापायचा आणि घरमालकाच्या सात पिढ्या उद्धरायचा. ही एक मात्र कापायची राहिली होती. तांबे चांगले होते, कधीतरी दुसऱ्या कामाला येईल, म्हणून कपाटावर गेली ती गेलीच.

"तुम्हीच ना लोकांना—" तिने सुरुवात केली.

"लोकांना मेन बंद करायचं सुचत नाही म्हणून. आपल्याला सुचतं. मेन खाली ओढ, मोजा टांग, मग जनरेटर चालू कर. मोजा टांगल्याशिवाय जनरेटरच्या दोरीला हात लावायचा नाही."

मोजा ही त्यांच्या कामातली जुनी रीत होती. खांबावर चढण्याआधी लाइनमन खाली स्विच बंद करतो आणि त्याच्या दांड्यावर स्वतःचा हातमोजा अडकवतो. त्याचा अर्थ, माझा जीव वर आहे, खाली हात लावू नका. तो मोजा ज्याने टांगला त्यानेच उतरून काढायचा. साहेब आला, मंत्री आला, अख्खे गाव अंधारात बसले, तरी दुसऱ्याने त्याला शिवायचे नाही. मोजे सगळे सारखेच दिसतात म्हणून प्रत्येकाची आपली एक खूण असे. आबांच्या मोज्यांच्या मनगटाशी लाल दोऱ्याची फुली होती. ती त्यांच्या बायकोने घातली होती, आणि मोजे जुने होऊन बदलले की ती नव्यांवर पुन्हा घालायची.

नवऱ्याचे मोजे नवऱ्याच्या हातात होते. म्हणून सुनेने बोळातल्या खिळ्यावरचा आबांचा शेवटचा मोजा घेतला, मेनचा दांडा खाली ओढला आणि त्यावर तो टांगला. खुर्चीतून आबा पाहत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी ड्यूटीवर आहे तर अजून," ते म्हणाले.

"आहातच की. बिनपगारी."

"पगार होता तेव्हा तरी कुठे मोठा होता!"

दोघे हसले. त्या घरात त्या दिवसांत झालेले ते शेवटचे हसणे होते असे नाही, पण सुनेला पुढे तेच आठवत राहिले.

वादळ ओसरले, पाऊस मात्र लागून राहिला. रस्त्यावर झाडांच्या फांद्या, पत्रे, एका दुकानाची अर्धी पाटी. कोपऱ्यावरच्या झाडाने आडवे होताना गल्लीच्या तारा तोडून नेल्या होत्या. आता गल्लीतल्या आठ-दहा घरांना जोडणारा तारांचा तुकडा दोन्हीकडून सुटून नुसताच लोंबत होता. फोन बंद पडले. राखीव ठेवलेली ऑक्सिजनची छोटी टाकी सकाळी संपली; तिचा काटा खाली टेकला तेव्हा आबा झोपेत होते, आणि सुनेने ती आवाज न करता पलंगाखाली सरकवली. आता जनरेटर आणि तो चालवायला डब्यात असलेले पेट्रोल, एवढ्यावर सगळे होते.

दुपारी ती छपराखाली उभी असताना मागच्या कुंपणाशी कुणीतरी शीळ घातली. नवरा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, कोटावरून पाणी निथळत होते. त्याच्या मागे लंबू. तो त्याचा खांबावरचा जोडीदार, नावाप्रमाणेच ताडमाड, ओणवा होऊन उभा.

"वहिनी, चहा नको," लंबू म्हणाला. "म्हणजे विचारलंत तर नाही म्हणणार नाही."

"घरात या ना."

"नाही, वेळ नाही," नवरा म्हणाला. "आम्हाला पाण्याच्या पंपाच्या लाइनवर लावलंय. जेवणाच्या सुट्टीत पळून आलोय. कोपऱ्यावरची तार जोडून ठेवतो. पलीकडून सप्लाय सोडला की आपली गल्ली पहिली. आबा कसे आहेत?"

"आहेत. टाकी संपली पण."

त्याने मान हलवली. जनरेटरकडे पाहिले, दुतोंडीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"मोजा?"

"टांगलाय."

"शाब्बास."

कुणाचा, हे त्याने विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे दोघांनाही वाटले नाही.

"संध्याकाळपर्यंत लाइट देतो तुला," तो कुंपणावर हात ठेवून म्हणाला. "मग झोप काढ दोन दिवस. मी काही म्हणणार नाही."

"तुम्ही घरी असाल तर म्हणाल ना."

तो हसला, आणि दोघे गल्लीच्या कोपऱ्याकडे गेले. लंबूचे डोके बराच वेळ कुंपणाच्या वर दिसत राहिले.

जनरेटर थोड्याच वेळाने उचक्या देऊ लागला. त्याची पेट्रोलची टाकी तळाला आली होती. चालू किंवा तापलेल्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचे नाही. एक थेंब सांडला तर भडका उडेल. तो आधी बंद करायचा, निवू द्यायचा, मग भरायचा. हे आधीही तिने अनेकदा केले होते. ती आत गेली, आबांच्या समोर बसली.

"आबा, थोडा वेळ दुसरी गप्प बसणारे. तुम्ही हळू श्वास घ्यायचा. बोलायचं नाही, उठायचं नाही."

"जा तू. मी काय पळून जातोय?"

तिने जनरेटर बंद केला. एकाएकी पावसाचा आवाज मोठा झाला. ती छपराखाली उभी राहून तापलेल्या धातूवर हात न टेकवता ऊब पाहत राहिली. आधी हा वेळ ऑक्सिजनच्या टाकीवर निभावला जायचा. आज टाकी नव्हती. इंजिन निवता निवेना. तिला आतून खोकल्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. एकदा वाटले, आत जाऊन पाहावे. पण आत जाऊन तरी काय करणार होती ती? हवा इथेच होती, या लोखंडी पेटीत. तिने नरसाळे लावून पेट्रोल ओतले, झाकण घट्ट केले, सांडलेले पुसले.

दोरी ओढण्याआधी बोळात जाऊन दांडा पाहावा, असे तिच्या मनात आले का? आले असावे. पण मोजा टांगलेला होता, आणि टांगलेल्या मोज्याकडे पुन्हा पाहायचे नसते. तेवढ्यासाठीच तर तो टांगतात. घरात आबांशिवाय कुणी नव्हते, आणि ही रीत आबांइतकी कुणाला ठाऊक होती?

तिने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी जनरेटर पेटला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. भरलेली गाडी चढावर ओढावी तसा तो जड, खालच्या सुरात घुमू लागला. पेट्रोलमध्ये पाणी गेले असेल, तिला वाटले.

तेवढ्यात शिंपीणकाकूंच्या खिडकीत दिवा लागला. पिवळा, मंद, पण दिवा. पलीकडच्या घरातही लागला. गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली.

"आली! आली गं लाइट!" काकू ओरडल्या. "तुझ्या नवऱ्याच्या हाताला यश आहे बघ!"

सून हसली. क्षणभर ती मनापासून हसली, आणि तिने केसांवर बांधलेल्या रुमालाने तोंड पुसले. मग तो जड आवाज पुन्हा तिच्या कानात शिरला. तिने काकूंच्या दिव्याकडे पाहिले. दिवा जनरेटरच्या लयीत थरथरत होता.

तिने जनरेटरचा खटका दाबला.

काकूंचा दिवा विझला.

"गेली गं परत!" काकू हळहळल्या.

मग कोपऱ्यावरून लंबूची हाक आली. ती हाक कुणाला उद्देशून नव्हती. त्यात शब्द नव्हते.

ती घरातून धावली, कारण मागच्या कुंपणाला फाटक नव्हते आणि रस्त्यावर जायला दुसरी वाट नव्हती. बोळात मेनचा दांडा वर होता. त्यावर मोजा नव्हता. आबा खुर्चीत बसले होते, कामावरून आलेला माणूस बसतो तसे, पाय सोडून. ओठ निळे. मांडीवर मोजा, लाल फुली वर आलेली.

"झालं काम," ते धाप लागल्या आवाजात म्हणाले. "मोजा काढला. लाइट सोडली मी."

तिने दांडा खाली ओढला. आबांकडे पाहिले. त्यांना हवा हवी होती, याच घटकेला हवी होती. बाहेर लंबू ओरडत होता. दोन माणसे दोन दिशांना होती आणि ती बोळात मधोमध उभी होती. किती वेळ उभी राहिली ते तिला कधी सांगता आले नाही.

"काकू!" ती खिडकीतून किंचाळली. "काकू, आबांपाशी या!"

आणि ती कोपऱ्याकडे धावली.

नवरा खांबावर पट्ट्याला लटकत होता, मान खाली. लंबू वर चढून त्याला सोडवत होता आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा त्याच्याशी बोलत होता, "झालं, दादा, झालं, आलोच खाली." गल्लीतल्या माणसांनी खालून हात धरले. त्याला ओल्या रस्त्यावर निजवले. लंबूने त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, दाबत राहिला, दमला तेव्हा दुसऱ्याने दिला, मग तिने दिला. त्याच्या हाताच्या तळव्यावर एक लहानसा काळा डाग होता, एवढाच. मोजे त्याने घातलेले होते. एकाची शिवण ओल्याने उसवली होती.

कुणाची तरी गाडी आली. त्याला उचलून मागे ठेवले. ती चढणार तोच काकू दारातून ओरडल्या, "अगं, आबांना बघ! मला काही कळत नाही गं यातलं! डोळे फिरवतायत!"

लंबूने तिच्याकडे पाहिले, तिने लंबूकडे. तो गाडीतल्या माणसाला म्हणाला, "तुम्ही जा पुढे. दाबत राहा. हात थांबवू नका." आणि गाडी तिच्याशिवाय गेली.

लंबू घरात आला. त्याने भिंतीतून दुतोंडी उपटली आणि पक्कडीने तिचे तुकडे केले, एकाचे दोन, दोनाचे चार, गरज नसताना. मग त्याने आबांना खुर्चीसकट उचलले आणि स्वयंपाकघरात मागच्या दाराशी नेऊन ठेवले. सुनेने यंत्र ओढत नेले. आखूड वायर जनरेटरपासून दाराखालून आत आली आणि यंत्रापर्यंत सहज पोचली. थोडी उरलीसुद्धा. तिने दार लोटून फटीत ओले पोते दाबले, म्हणजे धूर आत यायला नको. लंबूने दोरी ओढली. जनरेटर त्याच्या नेहमीच्या हलक्या आवाजात सुरू झाला, आणि दुसरी कुरकुरू लागली.

एवढेच करायचे होते. एक खुर्ची दोन खोल्या मागे सरकवायची होती.

"मी त्याला म्हटलं होतं," लंबू भिंतीला टेकून म्हणाला. "म्हटलं, अर्थिंगची साखळी गाडीत राहिलीय, आणतो. साखळी लावली असती तर रिटर्न जमिनीत गेला असता. तो म्हणाला, टेस्टर लावला ना, मेलेली आहे. आणि जनरेटर आख्ख्या गल्लीत एकच चालू आहे, तो माझ्या घरचा. माझ्या घरी मोजा टांगलाय." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "वहिनी, मी हट्ट करायला हवा होता. मी नाही केला."

तिच्यापाशी लंबूला द्यायला काही नव्हते. तो हॉस्पिटलकडे गेला.

काकूंनी चहा ठेवला, कारण काहीतरी करायला हवे होते. कुणी प्यायले नाही. आबांच्या ओठांचा रंग हळूहळू परतला. आणि त्याबरोबर, तिला दिसत होते, त्यांचे भानही परतत होते. ते थांबवता आले असते तर तिने थांबवले असते.

"इथे का आणलंस मला?" आबांनी विचारले.

"वायर पुरत नव्हती."

"लाइट आली का?"

"नाही, आबा."

ते विचार करू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर बिघाड शोधले, एकेक खांब मागे जात जात, त्याला विचार करू नका असे कसे सांगणार?

"मग शिंपीण ओरडली कशाला? मी ऐकलं. आली म्हणाली."

काकू चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आबांची नजर मांडीवर गेली. त्यांनी मोजा उचलला, उलटसुलट करून पाहिला, फुलीवरून अंगठा फिरवला.

"हा माझ्याकडे कसा?"

"मी काढला," सून म्हणाली. "पेट्रोल भरताना. मीच दिला तुमच्या हातात. तुम्हाला आठवत नाही."

आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"हा मोजा माझा आहे, पोरी," ते म्हणाले. "तू कसा काढशील? तू नाही काढायचीस. तू या घरातली आहेस."

मग त्यांनी विचारले, "कोण होतं खांबावर?"

त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी नाकावरची नळी काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली, जेवण झाल्यावर ताट सरकवावे तशी.

तिने ती परत लावली. त्यांनी काढली. तिने लावली. दोघांपैकी कुणी आवाज चढवला नाही. काकू म्हणाल्या, "आबा, असं नका हो करू." तिसऱ्यांदा नळी लावल्यावर सुनेने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. खांबावर चढून चढून रुंद झालेले हात, आता वजन नसलेले. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. ती हात सोडण्याची ते वाट पाहत होते, एवढेच.

उजेड उतरू लागला तेव्हा लंबू परत आला. दारातच उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, आणि तेवढ्याने सगळ्यांना सगळे कळले.

"वहिनी, तुम्हाला यावं लागेल," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय हॉस्पिटलवाले त्याला ताब्यात देणार नाहीत. जनरेटर मी बघून घेतो, आत्ताच भरून ठेवतो. काकू आहेत आबांपाशी."

काकूंनी मान डोलावली, पण त्यांचे डोळे सुनेकडे होते, आणि त्या डोळ्यांत स्पष्ट होते की आबांनी नळी काढली तर त्यांना परत लावता येणार नाही. परक्या बाईने किती वेळा लावायची?

सून आबांचे हात धरून बसली होती. सोडले तर ते काय करतील हे तिला ठाऊक होते. जन्मभर धरून बसता येणार नाही हेही ठाऊक होते. आणि तिच्या मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, जिच्याकडे ती पाहत नव्हती: काढू दे त्यांना. एकदाचे संपू दे. मग मलाही दोरी ओढायला नको.

तिने हात सोडले. डोक्याचा रुमाल सोडला. तो ओला होता, त्याला पेट्रोलचा वास येत होता. तो तिने आबांच्या कानामागून गेलेल्या नळीला, नाकाजवळच्या वळणावर बांधला आणि गाठ मारली.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "मी टांगलाय. मी येऊन काढीन."

लंबूने मान वळवली. खोलीत दुसरीची कुरकुर तेवढी चालू होती.

आबांचा हात वर उठला, गालावरून नळीकडे गेला, रुमालाच्या गाठीला बोटे लागली. तिथेच थांबली. हातभर अंतरावर उभे राहून ती पाहत होती. मग ती गाठीवरून निसटली आणि हात परत मांडीवर, मोज्याशेजारी पडला.

"किती दिवस टांगून ठेवशील?" आबांनी विचारले.

तिने चपला शोधल्या. एक खुर्चीखाली गेली होती. ती वाकून काढावी लागली. लंबू आधीच छपराखाली गेला होता. त्याने जनरेटर थांबवला, आणि दुसरीचे कुरकुरणे बंद झाले. इंजिन निवायची वाट पाहत सगळे जण जिथल्या तिथे उभे राहिले.